जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड दहा मिनिटांनी लोडवर बसतं, तेव्हा काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पैठणच्या वरच्या अंगाला चालणारी अठरा फुटी फायबरची होडी. तिच्यावर १९७० च्या दशकातलं, जॉन्सन-एव्हिनरूड घराण्यातलं, दोन सिलिंडरचं, २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या पाठीला बाहेरून लावायचं इंजिन. फ्लायव्हीलखाली पॉइंट (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह तोडणारी छोटी जोडी) असलेलं. थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला चालू होतं आणि फुल रेसवर छान पळतं. दहा-बारा मिनिटांनी आवाज जड होतो, ताकद निम्म्यावर येते आणि होडी पाण्यात बसते. रेस कमी-जास्त करून फरक पडत नाही. बंद करून वीस मिनिटं थांबलं की पुन्हा पहिल्यासारखं. प्लग नवे टाकले, कार्ब्युरेटर दोनदा धुतला, तरी तेच. आता मिस्त्री म्हणतो की पिस्टन-रिंग गेली आहे, इंजिन उघडावं लागेल.

भाऊ, इंजिन उघडू नका. निदान अजून तरी नाही. रिंग झिजलेलं इंजिन थंड असताना जास्त त्रास देतं: दोरी ओढून हात दुखतात, सुरू होता होत नाही, आणि ताकद पहिल्या मिनिटापासूनच कमी असते. तुमचं इंजिन थंड असताना उत्तम आहे. वीस मिनिटं विश्रांती दिल्यावर रिंगा नव्या होत नाहीत.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ती म्हणजे ताकद किती वेळाने जाते आणि किती वेळाने परत येते. जुन्या आउटबोर्डच्या बहुतेक दुखण्यांची ओळख मी याच दोन वेळांवरून करतो. पाना हातात घ्यायच्या आधी हे दोन आकडे लिहून काढा.

पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन फुल रेसवर बसतं, पण रेस निम्मी केली की अर्ध्या-एक मिनिटात सावरतं. कारण कार्ब्युरेटरची वाटी तेवढ्यात पुन्हा भरते. पुन्हा रेस दिली की थोडं पळतं, पुन्हा बसतं. गरम होऊन इलेक्ट्रिकचा भाग दगा देत असेल तर रेस कमी केल्याने काहीही होत नाही. तो भाग थंड व्हावाच लागतो आणि फ्लायव्हीलखालचा भाग थंड व्हायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. तिसरी शक्यता इंजिनच जास्त तापण्याची. तिथेही थंड व्हायला वेळ लागतो, पण सोबत खुणा असतात: हेडला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला, हात लावता येत नाही, वास येतो आणि बंद केल्यावर लगेच दोरी ओढली तर ती नेहमीपेक्षा जड लागते.

या हिशेबाने तुमचा पहिला संशय कॉइल किंवा कंडेन्सर या ठिणगी तयार करणाऱ्या भागांवर जातो आणि दुसरा तापण्यावर. पेट्रोल तिसऱ्या क्रमांकावर. पण तपासताना क्रम थोडा बदलायचा. तापण्याची खात्री सगळ्यात आधी करायची, कारण त्यात चूक झाली तर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो आणि मग मिस्त्रीचं म्हणणं खरं ठरतं.

त्याआधी एक गोष्ट पटकन बाजूला काढू. काही वेळा इंजिन ठणठणीत असतं आणि ताकद पाण्यातल्या पंख्यापाशी (प्रोपेलरपाशी) वाया जाते. पंख्याच्या आतला रबरी बुश सुटला असेल तर रेस वाढते, आवाज चढतो, होडी मात्र हलत नाही. बुशच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारा, फुल लोडवर फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर बुश घसरतोय. जलपर्णी किंवा नायलॉनच्या जाळ्याचा दोरा अडकला तरी ताकद जाते. नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाकडच्या एका होडीत असाच दोरा पंख्यामागे शाफ्टला आवळून बसला होता. त्याने सील कापलं, गिअर ऑइलमध्ये पाणी शिरलं आणि ऑइल दुधासारखं पांढरं झालं. म्हणून जाळ्यात काम करणाऱ्या माणसाने दर काही आठवड्यांनी पंखा उतरवून मागे बघावं. तुमच्याकडे मात्र काहीही न काढता फक्त थांबल्याने ताकद परत येते, म्हणजे पंखा निर्दोष आहे.

आता तापणं. त्या काळच्या सगळ्याच इंजिनांना पाण्याची बारीक धार बाहेर टाकणारं नळकांडं नसतं. काहींना मागच्या बाजूला नुसती भोकं असतात आणि त्यातून धुरासोबत पाण्याचा फवारा येतो. तो फवारा दिसतो म्हणजे हेडपर्यंत पाणी पुरेसं जातं, असं समजू नका. बंदुकीसारखा दिसणारा, लांबून तापमान दाखवणारा थर्मामीटर हल्ली स्वस्तात मिळतो. ताकद गेली त्याच क्षणी दोन्ही सिलिंडरच्या हेडवर, प्लगच्या शेजारी तो धरा. थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर उघडणारी झडप) असलेल्या इंजिनात साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस दिसायला हवं. थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र करून उडाले तर तापमान शंभराच्या वर आहे. अशा वेळी पुढे एक मिनिटही चालवू नका.

आपल्याकडच्या पाण्यात समुद्रासारखं मीठ नाही, त्यामुळे आतून गंज कमी असतो. पण गाळ भरपूर आहे. पुरानंतर गोदावरीच्या पाण्यातली बारीक माती पंपाच्या रबरी इम्पेलरला घासते, त्याच्या पात्या एका बाजूला कायमच्या वाकतात आणि हेडमधल्या पाण्याच्या वाटा चिखलाने आवळतात. इम्पेलर शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल तर तो बदलायचाच. वस्तू स्वस्त आहे आणि खालचं गिअरकेस उतरवायला फार वेळ लागत नाही. उतरवलंच आहे तर पाण्याची तांब्याची उभी नळी वरून पाणी ओतून मोकळी आहे का बघा, आणि थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का तेही बघा. दोन सिलिंडरपैकी एकाच बाजूचं हेड जास्त तापत असेल तर संशय हेड गॅस्केटवर घ्यायचा. अशा सिलिंडरचा प्लग काढला तर तो वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो, शेजारचा मात्र तपकिरी.

हेड थंड आहे, तरी ताकद गेली, हे एकदा नक्की झालं की ठिणगीकडे वळा. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण माझ्या मते तुमचं उत्तर इथेच आहे.

या जुन्या मॅग्नेटोची, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्रणेची, रचना ज्याने बजाजची जुनी स्कूटर उघडली आहे त्याला लगेच समजेल. फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसवलेले, खाली एक प्लेट. प्लेटवर प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल, स्वतंत्र पॉइंट आणि स्वतंत्र कंडेन्सर. म्हणजे एका इंजिनात दोन वेगळ्या इग्निशन आहेत. त्यामुळेच एक बाजू बंद पडली तरी इंजिन थांबत नाही, एका सिलिंडरवर रडत चालत राहतं. आणि ताकद नेमकी निम्मी नाही, निम्म्याहूनही कमी राहते, कारण जिवंत सिलिंडरला मेलेलं सिलिंडर ओढत न्यावं लागतं. तुम्ही लिहिलेलं "आवाज जड होतो" हे वर्णन एका सिलिंडरच्या आवाजाशी जुळतं. इंजिन पूर्ण बंद न पडता निम्म्यावर येतं, हाच मोठा पुरावा आहे. दोन्ही सिलिंडरना पेट्रोल एकाच कार्ब्युरेटरमधून येतं. ते कमी पडलं तर दोघांना कमी पडेल.

कॉइल गरम झाल्यावरच का मरते? तिच्यात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पन्नास वर्षांत वरचं आवरण तडकतं, आतलं वार्निश सुकतं. थंड असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात. तापलं की तार प्रसरण पावते आणि टोकं सुटतात. किंवा ठिणगी प्लगपर्यंत जायच्या ऐवजी तड्यातून जवळच्या लोखंडाकडे उडी मारते. कंडेन्सरचंही तसंच. आतलं इन्सुलेशन गरम झाल्यावर गळू लागतं, ठिणगी पिवळी आणि मरगळलेली होते, पॉइंटची तोंडं जळून निळी-काळी पडतात. सगळं फ्लायव्हीलच्या झाकणाखाली, वारा न लागणाऱ्या जागेत. म्हणून घरी अंगणात थंड इंजिनावर ठिणगी बघून "ठिणगी चांगली आहे" असं म्हणण्याला अर्थ नाही. ती चांगलीच दिसणार.

परीक्षा पाण्यावर, दुखणं चालू असताना घ्यायची. सर्वांत सोपं साधन म्हणजे टायमिंग लाइट, प्लगच्या प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा. जुन्या पेट्रोल गाड्यांचं काम करणाऱ्या संभाजीनगरच्या गॅरेजांमध्ये तो अजून धूळ खात पडलेला सापडेल. तारेवर नुसता चिमटा लावायचा असतो, काही सोडावं लागत नाही. त्याला बारा व्होल्टची छोटी बॅटरी जोडा, सोबत एक माणूस घ्या. एक जण होडी चालवेल, दुसऱ्याने चिमटा वरच्या सिलिंडरच्या प्लग वायरवर लावून चमक बघायची, मग खालच्यावर. दोन्हीकडे थंड असताना एकसारखी चमक असेल. ताकद पडली की ज्या वायरवरची चमक अडखळते किंवा थांबते तो तुमचा चोर. दुसऱ्या माणसाने सैल कपडे, उपरणं, गमछा काही अंगावर ठेवू नये, कारण उघडं फ्लायव्हील हाताशी फिरत असतं. दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट हवं.

टायमिंग लाइट मिळाला नाही तर ताकद पडताच इंजिन बंद करा आणि दोन मिनिटांच्या आत ठिणगी बघा. उशीर केला तर कॉइल थंड होते आणि पुरावा जातो. दोन्ही प्लग काढा, वायरींना ठिणगी मोजायचा टेस्टर लावा, त्यातली फट ६ मिलिमीटर ठेवा, टेस्टर इंजिनच्या धातूला घट्ट जोडा आणि दोरी ओढा. निळी, कडक आवाजाची ठिणगी दोन्हीकडे एकसारखी उडाली पाहिजे. नुसता प्लग बाहेर धरून बघू नका. उघड्या हवेत प्लगच्या छोट्या फटीतून मेलेली कॉइलही ठिणगी देते, सिलिंडरमधल्या दाबाखाली मात्र देत नाही. आणि जपा: दोरी ओढताना प्लगच्या भोकांतून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो. टेस्टर भोकांपासून लांब धरा, पेट्रोलची टाकी बंद करून दूर सरकवा, होडीत सांडलेलं आधी पुसून घ्या. पाण्याच्या मधोमध होडीला आग लागणं ही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही.

समजा खालची बाजू मेली. आता कॉइल, कंडेन्सर की पॉइंट? पैसे खर्च न करता शोधायचा मार्ग म्हणजे अदलाबदल. बहुतेक अशा दोन सिलिंडरच्या इंजिनांत दोन्ही कॉइल सारख्याच असतात आणि कंडेन्सरही. आधी फक्त कंडेन्सर वरचा खाली, खालचा वर करा आणि फेरी मारा. दुखणं वरच्या सिलिंडरकडे सरकलं तर कंडेन्सर दोषी. नाही सरकलं तर कॉइल बदलून बघा. दोन्ही एकदम बदलले तर काहीच कळत नाही. एका वेळी एकच बदल, हा नियम मोडण्याचा मोह सगळ्यांना होतो.

फ्लायव्हील काढताना त्याच्या मधल्या भागात दिलेल्या तीन आटेदार भोकांत बोल्ट घालणारा पुलर वापरा. कडेला पकडणारा तीन नखांचा पुलर लावला तर फ्लायव्हील वाकतं. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर क्रँक आणि बेअरिंगला मार बसतो. फ्लायव्हील निघालं की आधी चावी बघा, म्हणजे शाफ्टच्या खाचेतला तो छोटा धातूचा तुकडा. पंखा कधी दगडाला आपटला असेल तर ही चावी अर्धी कातरली जाते, फ्लायव्हील थोडं फिरतं, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलतं आणि ताकद कायमची कमी होते. मग शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक कोरडं स्वच्छ पुसूनच परत बसवा. तिथे ऑइल, ग्रीस काही लावायचं नाही. नट किती आवळायचा तो आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्या.

पॉइंटची फट या इंजिनांमध्ये साधारण ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. ती कॅम पूर्ण वर उचललेल्या जागी मोजायची. नव्या पॉइंटवर कारखान्यातून आलेला तेलाचा पातळ थर असतो, तो पुसल्याशिवाय ठिणगी येत नाही. स्वच्छ कोऱ्या कागदाची पट्टी थिनरमध्ये बुडवून पॉइंटमधून ओढली की काम होतं. कॉइलच्या लोखंडी पायांची टोकं प्लेटवरच्या घडवलेल्या उंचवट्यांच्या कडेशी बरोबर मिळाली पाहिजेत. आत राहिली तर ठिणगी कमजोर, बाहेर आली तर फ्लायव्हील घासतं. कंडेन्सर जागेवर मिळत नसेल तर तात्पुरतं काम चालवायला जुन्या स्कूटरचा कंडेन्सर चालतो, कारण पॉइंट इग्निशनमध्ये ही किंमत साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅराडच्या आसपास असते. कॉइलला मात्र असा जुगाड करू नका.

प्लेट उघडी असतानाच तिच्याखालचं सुकलेलं ग्रीसही साफ करा. रेस दिली की ही प्लेट फिरून टायमिंग पुढे नेते आणि त्याच वेळी तिच्या कडेचा कॅम कार्ब्युरेटरचं झडप उघडतो. प्लेट अडकली तर टायमिंग मागेच राहतं आणि झडपही पूर्ण उघडत नाही. इंजिन नुसतं ढवळतं, पळत नाही. कार्ब्युरेटर दोनदा खोलला गेला आहे, म्हणून कॅमवरची खूण आणि रोलर जुळतात का हेही पुस्तकाप्रमाणे तपासा.

आता पेट्रोल. तुमच्या प्रश्नात ते तिसऱ्या क्रमांकावर असलं, तरी नाथसागरावरच्या इतर होड्यांच्या बाबतीत ते बहुतेकदा पहिल्या क्रमांकावर असतं, म्हणून थोडं थांबून लिहितो.

ताकद पडली की सोबतच्या माणसाला नळीवरचा रबरी बल्ब दाबत राहायला सांगा. इंजिन उठलं, तर कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. टाकीच्या झाकणाचा वाऱ्याचा स्क्रू उघडा आहे का, टाकीतली जाळी, नळीच्या कनेक्टरची रबरी रिंग, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, एवढाच रस्ता तपासायचा. बल्ब दाबून फरक नाही, पण क्षणभर चोक ओढल्यावर इंजिन उठलं, तर मिश्रण पातळ आहे: जेट अर्धवट बुजलाय किंवा कुठून तरी हवा घुसतेय. चोकने आणखी बिघडलं, तर पेट्रोलचा पिच्छा सोडून ठिणगीकडे जा. नळीच्या मध्ये हातभर पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बघितला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. ओढणाऱ्या बाजूची नळी फुटली तर पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून बाहेरून कोरडी दिसणारी नळी निर्दोष ठरत नाही.

कार्ब्युरेटर दोनदा धुतला असं लिहिलंय. मेकॅनिकला एकच विचारा: वाटीच्या तळाचा स्क्रू काढून आतला मुख्य जेट बाहेर काढला होता का? या घराण्याच्या बऱ्याच कार्ब्युरेटरांत फुल रेसचा जेट वाटीच्या बुडाशी, त्या स्क्रूच्या मागे लपलेला असतो. वरवर फवारा मारला तर आयडल सुधारतं, फुल रेस नाही. जेट साफ करताना स्टीलची तार घालू नका. भोक मोठं झालं की परत लहान होत नाही. वायरमधला तांब्याचा एक धागा पुरतो.

आणि इथेनॉल. आता पंपावर जवळपास सगळीकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातल्या उसापासून इथेनॉल बनतं, त्यामुळे त्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण १९७० च्या दशकातल्या रबराला ते ठाऊकच नव्हतं. जुन्या नळीचा आतला थर फुगून सुटतो आणि फुल रेसच्या ओढीला आतल्या आत झडपेसारखा बंद होतो. पंपाचा डायफ्रॅम कडक होतो. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून जाणारं मिश्रण साध्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के पातळ पडतं. धरण पूर्ण भरल्यावर नाथसागराची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट आहे. या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे मिश्रण किंचित जाड होतं. पण ती भरपाई इथेनॉलने केलेल्या पातळपणाला पुरत नाही. उंचीमुळे चार-पाच टक्के ताकदही कमीच मिळते. किनाऱ्यावरच्या माणसाचं तेच इंजिन जरा जास्त ओढतं ते यामुळे. पातळ मिश्रणावर फुल रेसने लांब फेऱ्या मारल्या तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकतं. जेट एक आकडा मोठा मिळाला तर बसवा, बाहेरून फिरवायची सुई असेल तर थोडी उघडा आणि प्लगचा रंग बघत राहा. कॉफीसारखा तपकिरी रंग ठीक. खडूसारखा पांढरा दिसला तर थांबा.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे बघायचं असेल तर काचेच्या उभ्या बाटलीत २० मिली पाणी आणि त्यावर १०० मिली पेट्रोल घाला, नीट हलवा, ठेवून द्या. ऑइल मिसळायच्या आधीचं पेट्रोल घ्या. इथेनॉल खाली पाण्यात उतरतं. खालचा थर २० वरून ४० मिलीच्या जवळ गेला तर ते वीस टक्क्यांचं पेट्रोल आहे. असं पेट्रोल पावसाळी दमट हवेत उघड्या टाकीत महिनोन्महिने ठेवलं तर पाणी शोषतं आणि शेवटी तळाशी इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होतो. पुराच्या बचावासाठी ठेवलेल्या एका होडीचं आउटबोर्ड मी बघितलं आहे. वर्षभर झाकून ठेवलेलं, टाकीत गेल्या पावसाळ्याचं पेट्रोल, कार्ब्युरेटरच्या वाटीत हिरवट चिकट थर. अशी इंजिनं गरजेच्या दिवशीच बसतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात गावं पाण्याखाली गेली, तेव्हा होडीची किंमत सगळ्यांना कळली. ज्यांच्या ताब्यात अशी होडी आहे त्यांनी दर महिन्याला ती पाण्यात घालून लोडवर चालवावी आणि ठेवताना कार्ब्युरेटर रिकामा करावा.

ऑइलबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, तरी सांगतो. पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच ऑइल लागतं. मोपेडचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि त्याची राख प्लगवर, रिंगांच्या खाचांत साचते. ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली. तुमच्या इंजिनाच्या पट्टीवर २४ ला १ लिहिलं असेल तर लिटरला साधारण ४२ मिली. "जास्त ऑइल घातलं तर बरं" हा समज सोडा. ऑइल वाढलं की तेवढ्या जागेतलं पेट्रोल कमी होतं, मिश्रण आणखी पातळ होतं.

मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात टाकी उघड्यावर ठेवली तर पेट्रोलची वाफ नळीत अडते, आणि हे दुखणं तुमच्यासारखंच दहा-पंधरा मिनिटांनी येतं. टाकीवर ओलं पोतं टाकून एक फेरी मारा. फरक पडला तर कारण सापडलं.

कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघायला फार वेळ लागत नाही, म्हणून बघूनच टाका. मिस्त्रीला दाखवायला ते आकडे कामी येतील. इंजिन कोमट, दोन्ही प्लग बाहेर, दोन्ही प्लग वायरी इंजिनच्या धातूला जोडलेल्या, रेस पूर्ण उघडी, गेज लावून चार-पाच वेळा जोरात दोरी. आकडा ९० पीएसआय आला की ११० यापेक्षा दोन्ही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, कारण प्रत्येक गेज थोडं वेगळं दाखवतं. दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर रिंगांचा विषय संपला. एका बाजूला मोठी घट असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग. तीही बरेचदा झिजलेली नसून काजळीने खाचेत चिकटलेली असते आणि डीकार्बनायझिंगचा फवारा रात्रभर मुरवल्यावर सुटते. आकडा चढला नाही तर हेड गॅस्केट.

तो फवारा मारून इंजिन पहिल्यांदा चालवताना काळा तेलकट धूर आणि घाण बाहेर पडते. हे काम धरणात करू नका. ड्रममध्ये करा, उघड्या जागेत, पंखा काढून, आणि ते पाणी काठावर ओतू नका. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि संभाजीनगर, जालन्याचं पिण्याचं पाणी इथूनच जातं. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करताना निघालेलं पेट्रोलही डब्यात जमा करा.

आणखी एक विनंती. हे दुखणं सापडेपर्यंत जलाशयाच्या मधोमध जाऊ नका. तपासण्या काठापासून वल्ह्याने परत येता येईल एवढ्या अंतरात करा आणि वल्ही खरोखर होडीत असू द्या. नाथसागर पन्नास किलोमीटरच्या वर लांब आहे. वळवाच्या वाऱ्यात तिथे उठणाऱ्या लाटांत निम्म्या ताकदीचं इंजिन होडीचं तोंड वाऱ्याकडे धरू शकत नाही.

सुट्या भागांची काळजी करू नका. एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, जॉन्सन हे नाव त्याच्याही आधी गेलं, पण त्या काळच्या कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, इम्पेलर इतर उत्पादक अजून बनवतात. मागवताना "पंचवीस हॉर्सपॉवर" एवढं सांगून भागत नाही, दरवर्षी फरक असतो. होडीच्या पाठीला आवळणाऱ्या ब्रॅकेटवरची पट्टी बघा. ती गेली असेल तर बऱ्याच इंजिनांत मॉडेल नंबर ब्लॉकच्या बाजूच्या गोल धातूच्या बुचावरही ठोकलेला असतो. कॉइल घेतली तर दोन्ही घ्या, कारण दुसरीही तेवढीच म्हातारी आहे. पण कोणती मेली हे आधी सिद्ध करून मगच.

रविवारी पाण्यावर जाल तेव्हा एवढं लिहून आणा: ताकद पडली तेव्हा दोन्ही हेडचं तापमान, बल्ब दाबल्यावर काय झालं, चोक ओढल्यावर काय झालं, आणि गरम असताना कोणत्या वायरची ठिणगी गेली. सोबत कम्प्रेशनचे दोन आकडे आणि मॉडेल नंबर पाठवा, म्हणजे नेमका कोणता भाग मागवायचा ते सांगता येईल.